क्रूस घडवणाऱ्याचे नाव

मध्ययुगातील सोन्यारत्नांच्या क्रुसांचा विषय निघाला, की आपल्यातील काही सुशिक्षितांच्या कपाळाला आठ्या पडतात. प्रभूला लाकडावर खिळले. त्या लाकडाला सोन्याचा पत्रा कशाला? हा सारा राजांचा आणि महागुरूंचा डामडौल, असा निकाल देऊन ते मोकळे होतात. आक्षेप जुनाच आहे. संत बर्नार्ड यांनी ११२५ च्या सुमारास, मंदिराच्या भिंती झळकतात आणि गरीब मात्र उघडाच राहतो, असे सुनावले होते. त्या प्रश्नापुढे मान तुकवावीच लागते. परंतु या क्रुसांच्या झगमगाटात क्रुसावरील ख्रिस्त हरवला, हे म्हणणे आम्हांला साफ नामंजूर आहे.

जर्मनीतील आखेन कॅथेड्रलच्या खजिन्यात इ. स. १००० च्या सुमाराचा लोथारचा क्रूस आहे. आत ओकचे लाकूड. दर्शनी बाजूस सोने, मोती, रत्ने आणि मधोमध चक्क रोमन सम्राट ऑगस्टसची कोरीव प्रतिमा! टीकाकार येथेच थांबतात. मागची बाजू त्यांनी पाहावी. तेथे गुळगुळीत पत्र्यावर निव्वळ कोरीव रेषांत मान कलंडलेला, निष्प्राण ख्रिस्त आहे.

आणि हे काम करणारे हात कोणाचे? बाराव्या शतकातील थिओफिलस या मठवासी कारागिराने धातुकामाचा ग्रंथ लिहिला. चांदी, तांबे, शिसे व गंधक वितळवून कोरलेल्या रेषांत भरायचा काळा रंग कसा करावा, हे तो शिकवतो. सोन्याचा मुलामा पाऱ्याच्या साहाय्याने देत. त्याची वाफ घातक. म्हणून उपाशीपोटी हे काम करू नये, मिरी, लसूण आणि द्राक्षारस घ्यावा, असे तो बजावतो. हाच माणूस कारागिराचे कसब पवित्र आत्म्याच्या सात दानांतून आले, असेही सांगतो. त्याला केवळ डामडौलाचा भाट म्हणायचे काय?

शिवाय सारेच क्रूस सोन्याचे नव्हते. फ्रान्समधील लिमोझ येथे बाराव्या-तेराव्या शतकांत तांब्याचा पत्रा खोदून, खळग्यांत रंगीत काचेची पूड भरून, भट्टीत भाजून, घासून क्रूस तयार होत आणि युरोपभर जात.

आयर्लंडचा काँगचा क्रूस तर याहून बोलका आहे. ११२३ साली राजा टर्लो ओ'कॉनर याने खऱ्या क्रुसाच्या अवशेषासाठी तो करविला. आज तो डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ओकच्या लाकडावर काशाचे जाळीदार पत्रे, मध्ये स्फटिक, आणि कडांवर लेख. त्या लेखात राजासाठी व धर्माधिकाऱ्यांसाठी प्रार्थनेची विनंती आहेच. पण हा क्रूस घडवणाऱ्या मेल ईसूसाठीही आहे. त्याच्या नावाचा अर्थच येशूचा सेवक.

अलीकडेच मिरवणुकीच्या एका नव्या, यंत्रावर घडवलेल्या क्रुसाच्या दांड्यावर देणगीदाराचे सबंध कुटुंब कोरलेले पाहिले. हा घडवला कोणी, असे विचारले, तर मला दुकानाचे बिल दाखवण्यात आले.