मयताच्या कागदावर अंगठा देऊ नका

वीटभट्टीवर माणूस मेला की तीन गोष्टी लगोलग होतात. पहिली, रातोरात टेम्पो मिळतो. बाय अडली, पोर तापाने फणफणलं, तेव्हा शेठचा टेम्पो कधीच मोकळा नसतो. मयताला मात्र मिळतो. दुसरी, मुकादम कानात सांगतो, लवकर उरकून घ्या, पोलिसांचं लचांड मागे लागलं तर मढं चार दिवस मिळणार नाही. तिसरी गोष्ट दिवस व्हायच्या आत होते. एक कागद येतो आणि त्याच्यासोबत नोटांचं पुडकं. कागद कोणी वाचून दाखवत नाही. आम्ही असे कागद वाचले आहेत. त्यात लिहिलेलं असतं की माणूस स्वतःच्या चुकीने मेला, मालकाचा दोष नाही, आमची तक्रार नाही, पुढे काही मागणार नाही. खाली रडणाऱ्या बाईचा अंगठा.

हा अंगठा आपल्या ओळखीचा आहे. आपल्या आज्यांनी सावकाराच्या कागदावर दिला तोच. पाच मण भात आणलं आणि रान गेलं. त्या जमिनी परत द्यायला सरकारला 1974 साली कायदा करावा लागला, आणि अजून आपण तहसीलदाराच्या दारात खेटे घालतो आहोत. म्हणून कोणी विचारू नये, की जमिनीच्या पत्रकात हे मयताचं काय आणलं. फॉरेस्ट प्लॉट नावावर नाही, एकसालीचा पट्टा कागदावरच राहिला, म्हणून दिवाळी झाली की आख्खा पाडा टेम्पोत बसून भिवंडी, वसई, कल्याणकडे जातो. जमीन नावावर असती तर यातले किती जण गेले असते?

1998 च्या होळीच्या आधीची गोष्ट. आपल्याच तालुक्यातला तीस वर्षांचा गडी. भट्टीच्या खदानीत माती काढताना वरची दरड अंगावर आली. मागे बायको, दोन पोरं, म्हातारी आई. शेठने बारा हजार दिले. दिले म्हणजे बोलला बारा, त्यातून चार हजार उचल कापली आणि आठ हजार बाईच्या हातावर ठेवले. वर सांगितलं, उचल फेडून घेतली, आता तुमच्यावर कर्ज नाही. पाड्यातले काही जण म्हणाले, शेठ चांगला आहे.

शेठ किती चांगला ते हिशोबाने बघू. कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 सालचा, म्हणजे इंग्रजांच्या वेळचा. कामावर, कामामुळे अपघात होऊन माणूस मेला तर मालकाने भरपाई द्यायची, मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही. 1995 च्या बदलाप्रमाणे महिन्याच्या मजुरीचा अर्धा भाग घ्यायचा आणि वयाप्रमाणे कायद्यात दिलेल्या आकड्याने गुणायचं. तीस वर्षांच्या माणसाचा आकडा 207.98. या गड्याची मजुरी महिन्याला बाराशे धरली तर अर्धी सहाशे. सहाशे गुणिले 207.98 म्हणजे 1 लाख 24 हजार 788 रुपये. मजुरी कितीही कमी दाखवली तरी त्या वेळी 50 हजाराच्या खाली जाता येत नव्हतं. शेठने दिले आठ हजार.

आता कोणी म्हणेल, माणूस गेला, त्याचे पैसे कसले करता? असं म्हणणारे म्हातारे आपल्या पाड्यावर आहेत आणि त्यांचं मन आम्हाला कळतं. मेलेल्याच्या पैशाचं अन्न तोंडात फिरतं. पण मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातो कोण, ते तरी बघा. 1 लाख 16 हजार रुपये शेठच्या खिशात राहिले, ते त्या दोन पोरांचे होते. पोरं पुढच्या साली शाळा सोडून त्याच भट्टीवर विटा पलटणार. बाप मेला ती जागा रोज बघणार.

दुसरे म्हणतात, कायदा एवढा सरळ आहे तर वकील कशाला? आपली बारावी झालेली पोरं अर्ज लिहितील. अर्ज लिहायला आम्ही तयारच आहोत, आणि कायदाही वकील सक्तीचा करत नाही. पण कोर्टात समोर शेठ येत नाही, शेठचा वकील येतो. विमा असला तर कंपनीचा दुसरा वकील येतो. ते काय विचारतात ते ऐका.

पहिलं, हा माणूस आमचा नव्हताच, मुकादमाचा होता. दुसरं, दारू प्यायला होता. मग, मजुरी एकट्याची कुठे, हजार विटांचा हिशोब तर जोडप्याचा. भट्टीवर एवढी माणसं नव्हतीच, म्हणून हा कायदा लागत नाही. (कायद्याच्या शेवटी कामांची यादी होती, कुठल्या कामाला किती माणसं ते त्यात होतं. शेठचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवायचा.) आणि सगळ्यात वाईट, ही बाई त्याची बायको कशावरून?

या शेवटच्या प्रश्नाला आपल्यात किती घरं अडकतील, मनात मोजून बघा. खर्च झेपत नाही म्हणून लग्न लावायचं राहून जातं, पोरं मोठी होतात, मग लग्न लागतं. लागलं तरी धवलेरी गाणं म्हणते, सहीशिक्का देत नाही. नवरा जाऊन महिना झालेला नाही आणि कोट घातलेला माणूस भर कोर्टात विचारतो, तू कोणाची कोण? तिथे आपली बाय गप्प होते. गप्प राहिली की तिला उत्तर नाही असं कागदावर येतं. त्या वेळी तिच्या बाजूने उठून रेशनकार्ड, मतदारयादी, पोरांचा शाळेचा दाखला पुढे करणारा माणूस लागतो.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं 1923 च्या कायद्यातच दिलेली होती, फक्त ती वेळेवर बोलणारा पाहिजे. मुकादमाकडून काम करून घेणारा मूळ मालक जबाबदार, हे कलम 12. दारूची सबब जखमेच्या दाव्यात चालते, माणूस मेला असेल तर चालत नाही, हे कलम 3. उचल भरपाईतून कापता येत नाही, कलम 9. मयताची भरपाई मालकाने आयुक्तांकडे, म्हणजे कामगार नुकसानभरपाईचं कोर्ट चालवणाऱ्या साहेबांकडे, भरायची. बाईच्या हातावर परस्पर ठेवलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. मालकाला आगाऊ काही देता येतं, तेही तीन महिन्यांच्या मजुरीपुरतं. ते कलम 8. आणि हक्क सोडला म्हणून घेतलेला अंगठा कलम 17 प्रमाणे रद्द. म्हणून ज्यांनी आधीच अंगठा दिला आहे त्यांनी घाबरून घरी बसू नये. दावा मरणापासून दोन वर्षांच्या आत लावता येतो.

पूर्वी जिथे अपघात तिथेच दावा लावावा लागे. गुजरातेत माणूस मेला की बाई तिकडे कुठे जाणार? 1995 पासून आपण राहतो तिथल्या आयुक्तांकडेही लावता येतो. हे शेठ सांगणार नाही, मुकादमही सांगणार नाही.

टेम्पो उलटून मजूर मेला तर गोष्ट आणखी वेगळी. तिथे मोटार अपघाताचा कायदा आहे आणि कामगारांचाही आहे, पण दोन्हीकडून भरपाई मिळत नाही, एक दार निवडायचं. मोटार कायद्यात चूक कोणाची ते न बघता त्या वेळी आधी 50 हजार मिळत, पुढचे पैसे जास्तही मिळू शकतात, पण मालाच्या टेम्पोत माणसं भरली होती म्हणून विमा कंपनी हात वर करते. कुठल्या दाराने जायचं हे घाईत ठरवलं की पुढचे हाल बाईचे होतात. हे काम जाणत्या वकिलाचंच.

पण कुठला वकील? तालुक्याच्या कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले सगळेच आपले नाहीत. काही जण सकाळी आपला वकालतनामा घेतात आणि संध्याकाळी शेठबरोबर चहा पितात. मिळतील त्यातले चार आणे माझे, असं बोलणाऱ्याला हात जोडा. भरपाईत हिस्सा ठरवायला वकिलांना त्यांच्याच नियमाने बंदी आहे. कोऱ्या कागदावर सही द्यायची नाही. दाव्याचा नंबर आणि पुढची तारीख लिहून घ्यायची, तारखेला बाईबरोबर पाड्यातलं कोणीतरी जायचं. आदिवासीला, आणि कुठल्याही बाईला, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा कायद्यात आहे, तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कारकून मागेल, पण लागत नाही. आणि लोकन्यायालयात मिटवा असं कोणी म्हटलं तर आधी आकडा विचारा. तिथे मिटलं की अपील नाही.

वकील कितीही चांगला असला तरी पुरावा त्याला आपणच द्यायचा, आणि तो पहिल्याच दिवशी हातचा जातो. शवविच्छेदन केल्याशिवाय मयत हलवू देऊ नका. पोस्टमार्टेम म्हटलं की आपल्याला मेलेल्याची विटंबना वाटते, पण तो कागद नसला तर माणूस तापाने मेला म्हणायला शेठ मोकळा. पोलिसांत नोंद करा, पंचनाम्याला आपली दोन माणसं उभी करा, पंचनामा वाचून मगच सही करा. खर्चीची चिठ्ठी, मुकादमाच्या वहीचं पान, काय असेल ते जपा. जोडीला काम करणाऱ्यांची नावं त्याच दिवशी वहीत लिहा, कारण पावसाळ्यात ते दुसऱ्या गावाला असतील.

या हंगामात किंवा मागच्या दोन हंगामांत ज्या घरातला माणूस भट्टीवर, खाणीत, रेतीवर किंवा टेम्पोत गेला, त्यांनी येत्या बाजाराच्या दिवशी संघटनेच्या बैठकीला रेशनकार्ड आणि असेल तो कागद घेऊन यावं. अंगठा दिलेल्यांनीही यावं. कागद नसेल तर नुसतं यावं. आणि दिवाळीनंतर टेम्पोत बसण्याआधी प्रत्येक पाड्याने भट्टीचं गाव, मालकाचं नाव आणि मुकादमाचं नाव आमच्याकडे लिहून द्यावं.