मनाजोगा कॅट आणि भेंडवळचा घट

शहरांतून हल्ली टॅरोचे पत्ते विकत मिळतात. जाणकार सांगतात, ज्याची चित्रे मनाला भिडतील तोच कॅट आपला समजावा. हे ७८ पत्ते मुळात पंधराव्या शतकात इटलीत खेळासाठी निघाले. त्यांवरून भविष्य सांगण्याची चाल रूढ झाली ती अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीचा १९०९ चा कॅट आजही घरोघर वापरला जातो. मनाजोगा कॅट निवडावा, हा सल्ला गोड खरा. पण ज्याने चित्रे आवडीची निवडली, तो उत्तरही आवडीचेच वाचणार नाही कशावरून?

मित्रहो, आपल्या तालुक्यातील भेंडवळला अशी निवड कोणालाच नसते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली तिथली घटमांडणी तीनशेहून अधिक वर्षांची असल्याचे सांगतात. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात अठरा धान्ये गोलाकार मांडतात. मध्ये खड्डा, त्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर. पुरी म्हणजे पृथ्वी, पानविडा म्हणजे राजा. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे धान्य किती हलले, कोणते ढेकूळ किती भिजले हे पाहून भाकीत सांगतात. सर्वांना एकच घट, सर्वांना एकच उत्तर!

परंतु निवड इथेही चोरपावलांनी शिरते. ‘पीक साधारण’, ‘पाऊस कुठे कमी, कुठे जास्त’ अशा शब्दांत कपाशीवाला आपली कपाशी ऐकतो आणि सोयाबीनवाला आपले सोयाबीन. घट निवडता येत नाही, म्हणून कान निवड करतात. वारा, मुंग्या, उंदीर यांनीही दाणा हलतो, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही.

मग शेतकरी तिथे का जातो? हवामान खाते एप्रिलमध्ये साऱ्या देशाचा अंदाज सांगते. आपल्या शिवाराचे कोणी सांगत नाही. कर्ज काढून बियाणे आणणाऱ्याला धीर हवा असतो. त्या गरजेची टिंगल करणाऱ्याने दुबार पेरणीचे दुःख पाहिलेले नसते. मात्र धीर घटाकडून घ्यावा, पेरणीचा दिवस जमिनीला विचारावा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याखेरीज पिशवी फोडू नये.

आपण विद्यार्थ्यांनी एक काम करावे. दरवर्षीचे भाकीत त्याच दिवशी, पीकवार आणि महिनावार वहीत उतरवावे. दसऱ्यानंतर शेजारच्या रकान्यात तालुक्याचा पाऊस आणि घरोघरचे उत्पन्न लिहावे. दहा वर्षांत ती वही काय म्हणते ते गावासमोर वाचावे. आधी लिहिलेल्या शब्दाला मागाहून सोयीचा अर्थ लावता येत नाही. आपल्या आईबापांना जे जमले नाही, ते लिहिणे आपल्याला येते. त्याचा पहिला उपयोग त्यांच्या शेतासाठी व्हावा.

— बी. ए. द्वितीय वर्ष