पिझ्झा बेसवर शून्य जीएसटी झाला, पण सिरोंचात पिझ्झ्यावर नेमकं काय वितळतंय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, तेव्हा सोशल मीडियावर ‘आता पिझ्झा स्वस्त’ अशा पोस्ट धडाधड फिरल्या. त्यात तथ्य होतं. पिझ्झा बेसवरचा, म्हणजे सरकारी भाषेत ‘पिझ्झा ब्रेड’वरचा कर ५ टक्क्यांवरून शून्यावर आला. चीज १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. सॉस आणि केचपसुद्धा १२ वरून ५ टक्क्यांवर.

मग तुमच्या गावातल्या पिझ्झ्याचा भाव उतरला का? बहुतेक नाही. तो का उतरला नाही आणि या सगळ्यात पिझ्झ्यावरचं चीज कुठे गेलं, हे समजून घ्यायचं तर पुण्या-मुंबईपेक्षा सिरोंचासारखं गाव जास्त उपयोगाचं आहे.

आधी नकाशा बघू

सिरोंचा म्हणजे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. इथे प्राणहिता गोदावरीला मिळते आणि पलीकडच्या काठावर तेलंगणातलं कालेश्वरम आहे. आपलं जिल्ह्याचं ठिकाण गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर दूर, तेही जंगलातून. त्यापेक्षा तेलंगणातलं मंचेरियाल आणि वरंगळ जवळ. त्यामुळे बाजार, दवाखाना, सिनेमा यासाठी माणसं पूल ओलांडतात, आणि घराघरांत मराठीइतकीच तेलुगूही चालते.

अशा गावात पिझ्झा पोचतो तो मोठ्या साखळ्यांच्या डब्यातून नाही. भारतात डॉमिनोजचं पहिलं दुकान १९९६ मध्ये दिल्लीत उघडलं, त्याच वर्षी पिझ्झा हट बंगळुरूत आलं. डॉमिनोजचा सगळा धंदा ‘३० मिनिटांत घरपोच’ या वचनावर वाढला, आणि ३० मिनिटांत दुचाकी जेवढं जाऊन येईल तेवढंच त्या दुकानाचं जग. तेवढ्या परिघात पुरेसं गिऱ्हाईक नसेल तर दुकान येत नाही. मग तालुक्याच्या गावात पिझ्झा करतं कोण? बेकरीवाला, ज्यूस सेंटरवाला, किंवा चायनीजच्या गाडीशेजारी एक छोटा इलेक्ट्रिक ओव्हन मांडलेला पोरगा.

या पिझ्झ्याला शहरातली मंडळी हसतात. ‘हा काय पिझ्झा आहे का’ छापाची रील तुम्हीही पाहिली असेल. पण पिझ्झ्याचा इतिहास बघितला तर हसायचं कारण उरत नाही.

प्रत्येक पिझ्झा कुठल्यातरी अडचणीतून आलाय

नेपल्सचा पिझ्झा सगळ्यात खानदानी मानला जातो. १९८४ मध्ये तिथल्या संघटनेने त्याचे नियम लिहून काढले: लाकडाची भट्टी, साधारण ४८५ अंश तापमान आणि भाजायला ६० ते ९० सेकंद. २०१७ मध्ये युनेस्कोने ही कला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. पण मुळात हा बंदरावरच्या गरिबांचा, रस्त्यात उभ्याने खायचा पदार्थ.

तोच न्यूयॉर्कला गेला तेव्हा लाकडाच्या जागी कोळसा आला. तिथलं लोम्बार्डीज हे १९०५ चं दुकान अमेरिकेतलं पहिलं पिझ्झेरिया मानलं जातं. डेट्रॉइटची गोष्ट तर मला फारच आवडते. १९४६ मध्ये तिथे चौकोनी, जाड पिझ्झा सुरू झाला, कारण हाताशी होते ते मोटारींच्या कारखान्यात सुटे भाग ठेवायचे लोखंडी ट्रे. आज जगभर ‘डेट्रॉइट स्टाइल’ म्हणून जे महाग विकलं जातं, त्याचं भांडं कारखान्यातून आलेलं आहे. अननसाच्या ज्या ‘हवाईयन’ पिझ्झ्यावरून इंटरनेटवर दर महिन्याला भांडण होतं, तो हवाईत नाही, कॅनडात १९६२ मध्ये एका ग्रीक वंशाच्या हॉटेलवाल्याने केला. अननस डब्यातलाच होता.

आपल्याकडेही हेच झालंय. अहमदाबादच्या जसुबेनच्या पिझ्झ्यावर आंबटगोड सॉस आणि वरून किसलेलं चीज, तेही न वितळवता. तो इतका गाजला की २०१३ मध्ये तेव्हा गुजरातचे मुख्यमंत्री असलेल्या नरेंद्र मोदींनी महिला उद्योजकांसमोरच्या भाषणात जसुबेनचं उदाहरण दिलं होतं. मुंबईत चौपाटीवर तव्यावरचा पिझ्झा आहे, जैन पिझ्झा आहे. अंधेरीचं जोईज आहे, जिथे किती माल घालतात यावरच लोक खूश असतात. मरीन ड्राइव्हवर पिझ्झा बाय द बे आहे, जिथे अर्धे पैसे समुद्राचे. गोव्यात चोरीस म्हणजे तिथलं झणझणीत सॉसेज घातलेला पिझ्झा मिळतो, आणि माझ्या मते देशातला सगळ्यात अस्सल प्रादेशिक पिझ्झा म्हणायचा तर तोच.

तालुक्याच्या गावातला पिझ्झाही या रांगेत बसतो. बेस पावासारखा मऊ आणि किंचित गोड, कारण तो पाव करणाऱ्या बेकरीतून किंवा पाकिटातून येतो. सॉस म्हणजे केचप आणि शेजवान चटणी. वर कांदा, सिमला मिरची, मका. भट्टी ४८५ अंशांची नाही, २५० ला दम टाकणारी. त्यामुळे कडा करपत नाहीत, बेस वाळतो, आणि तो झाकायला चीज जास्त लागतं. (अंबाडी नदीच्या दोन्ही काठांवर खाल्ली जाते. तिच्या चटणीवर कुणी पिझ्झा करून बघितला तर मी खायला येईन.)

खरा प्रश्न या चीजचा आहे.

पावणेचार रुपयांचं गणित

एक हिशोब करू. भाव फक्त उदाहरणासाठी धरलेत. चीज कराआधी ४०० रुपये किलो. आधी १२ टक्क्यांनी ४८ रुपये कर होता, आता ५ टक्क्यांनी २० रुपये. किलोमागे २८ रुपये वाचले. एका पिझ्झ्याला १०० ग्रॅम चीज लागलं तर बचत २ रुपये ८० पैसे. बेस १५ रुपयांचा धरला तर तिथे ७५ पैसे. दोन रुपयांच्या सॉसवर १४ पैसे. एकूण पावणेचार रुपयेसुद्धा नाहीत. दीडशे रुपयांच्या पिझ्झ्यात एवढ्यासाठी कुणी मेनूकार्ड नव्याने छापत नाही.

आणि टेबलावर येणाऱ्या पिझ्झ्याचा दर बदललाच नाही. साध्या रेस्टॉरंटवर आधीही ५ टक्के होता, आताही ५ टक्केच आहे, आणि कच्च्या मालावर भरलेला कर त्यांना परत मिळत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर अशा छोट्या दुकानाला जीएसटीची नोंदणीच करावी लागत नाही. गाडीवरच्या पोराने बिलात जीएसटी लावला नव्हता, तर तो कमी कुठून करणार? पण चीज विकत घेताना कर त्याच्याही खिशातून जात होता. तेवढे दोन-तीन रुपये त्याला सुटले. बिचाऱ्याला सुटू देत.

मग चीजसारखं दिसणारं ते काय?

चीजच्या शेजारी आणखी एक वस्तू विकली जाते: चीज अॅनालॉग. दुधाच्या स्निग्धांशाऐवजी पाम तेलासारखं वनस्पती तेल, सोबत दुधातली प्रथिनं किंवा स्टार्च. दिसायला पांढरं, वितळतं, ताणलंही जातं. ते विकणं बेकायदा नाही आणि ते विषही नाही. फक्त त्याला ‘चीज’ म्हणता येत नाही, पाकिटावर ते काय आहे हे लिहावं लागतं.

सिरोंचासारख्या गावात ते का चालतं याची दोन कारणं आहेत. एक, ते स्वस्त. दुसरं, अंतर आणि ऊन. खरं मोझरेला थंड साखळीत यावं लागतं, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको.

आता करातली गंमत बघा. हरियाणात ‘मोझरेला टॉपिंग’ नावाच्या उत्पादनाचं प्रकरण जीएसटीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे गेलं होतं. २०२२ मध्ये निर्णय आला, की यात वनस्पती तेल आहे, त्यामुळे हे चीज नाही, हे ‘इतर खाद्यपदार्थ’, आणि कर १८ टक्के. म्हणजे चीजवर १२ आणि नकलेवर १८. असा निर्णय कायद्याने त्या अर्जदारापुरताच बांधील असतो, पण त्याचा धागा धरला तर सप्टेंबर २०२५ नंतर काय झालं? ‘इतर खाद्यपदार्थां’चा तो गट १८ वरून ५ टक्क्यांवर आला. चीजवरचा कर ७ टक्क्यांनी उतरला, नकलेवरचा १३ टक्क्यांनी.

पुन्हा हिशोब. अॅनालॉग कराआधी २५० रुपये किलो धरलं तर आधी २९५ ला पडायचं, आता २६२ रुपये ५० पैशांना. चीज ४४८ वरून ४२० वर आलं. आधी दोघांत १५३ रुपयांचं अंतर होतं, आता साडेसत्तावन्नाशेचं नाही, १५७ रुपये ५० पैशांचं. वाढलं ते साडेचार रुपयांनीच, पण वाढलं. दूध उत्पादकांना दिलासा म्हणून मिरवलेल्या करकपातीत तेलाच्या चीजला जास्त सूट मिळाली, आणि यावर फारसं कुणी बोललं नाही.

पाकीट स्वयंपाकघरातच राहतं

महाराष्ट्रात हा वाद नवा नाही. २०२३ च्या अखेरीस अन्न व औषध प्रशासनाने अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर) केडगावमधल्या मॅकडोनाल्ड्सच्या एका दुकानाचा परवाना निलंबित केला. आरोप होता, की पदार्थांच्या नावात ‘चीज’ आहे आणि वापरलंय अॅनालॉग. कंपनीने आरोप फेटाळला, आम्ही खरं चीजच वापरतो असं सांगितलं आणि नंतर आपल्या बाजूने निर्वाळा मिळाल्याचंही जाहीर केलं. मार्च २०२५ मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी विधानसभेत बनावट पनीरचा मुद्दा नमुन्यांसह मांडला. चर्चा दोन्ही वेळा जोरात झाली.

पण चर्चा झाली ती महामार्गावरच्या आणि मोठ्या शहरांतल्या दुकानांची. केडगावच्या काउंटरवर कंपनी होती, वकील होते, पत्रकार होते. तालुक्याच्या गावात यातलं काही नसतं. पाकिटावर सगळं खरं लिहिलेलं असतं, पण ते पाकीट स्वयंपाकघरातच राहतं, आणि फलकावर ‘एक्स्ट्रा चीज ३० रुपये’ लिहिलेलं असतं. त्या ३० रुपयांत चीज मिळतं की तेल, हे गिऱ्हाईकाला कळायचा मार्ग नाही. कित्येकदा करणाऱ्यालाही फरक ठाऊक नसतो. ‘पिझ्झाचं चीज द्या’ म्हटलं की वितरक देतो ते तो घेतो. त्याला खलनायक करण्यात अर्थ नाही.

आयोडीनचे थेंब टाकून ‘नकली चीज ओळखा’ सांगणारे व्हिडिओ तुमच्यापर्यंत आले असतील. आयोडीन फक्त स्टार्च दाखवतं. स्टार्च नसलेलं अॅनालॉग त्यातून आरामात सुटतं, आणि किसून पाकिटात भरलेल्या खऱ्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेलं असेल, तर तेही निळं पडतं. म्हणजे चोर सुटतो आणि साव अडकतो.

त्यापेक्षा सरळ विचारा, ‘भाऊ, चीजचं पाकीट दाखवता का?’ घटकांच्या यादीत वनस्पती तेल दिसलं तर ते चीज नाही. मग खायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण ‘एक्स्ट्रा चीज’चे पैसे देऊ नका. दुकानाचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक १४ आकडी असतो, तो लावलेला आहे का ते बघा. तक्रार करायची तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अॅप आहे. सिरोंचाकरांसाठी एक जादा सूचना: पुलापलीकडे कालेश्वरमला खाल्लेल्या पिझ्झ्याची तक्रार महाराष्ट्राच्या खात्याकडे चालणार नाही, ती तेलंगणाकडे जाते. अॅपमध्ये राज्य निवडताना तेवढं लक्षात ठेवा.