खावटी, उचल आणि कायदा

आषाढात कणगी रिकामी होते आणि नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कर्जाचा हंगाम सुरू होतो. हे कर्ज ज्वारीसाठी, औषधपाण्यासाठी असते. बँक पिकाला कर्ज देते, पोटाला देत नाही. ही उणीव सावकाराने हेरली, तशीच ऊसतोडीच्या मुकादमानेही. पावसाळ्यात घेतलेली उचल दिवाळीनंतर गुजरातच्या फडात सहकुटुंब राबून फेडावी लागते.

१९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली, ती सालदारांच्या व बळकावलेल्या जमिनींच्या प्रश्नांवर. आदिवासींची जमीन पायलीपायलीच्या कर्जातूनच गेली होती.

कायदे आहेत. वेठबिगारी १९७६ सालीच कायद्याने रद्द झाली. २०१४ च्या सावकारी कायद्यान्वये विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. कर्जापोटी गेल्या १५ वर्षांत सावकाराकडे गेलेली जमीन जिल्हा निबंधक चौकशीअंती परत देववू शकतो. परंतु कायद्याने चूल पेटत नाही. त्यासाठी आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना १९७८ पासून होती. ती बंद पडली आणि २०२० साली केवळ एका वर्षापुरती, ४,००० रुपयांच्या अनुदानाच्या रूपाने परतली.

म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी : खावटी दरवर्षी, पावसाआधी, ग्रामसभेच्या यादीप्रमाणे मिळाली पाहिजे. दरम्यान कार्यकर्त्यांनी पाड्यापाड्यावर हिशेब लिहून घ्यावेत : किती घेतले, किती फेडले, गहाण काय पडले. निबंधकाच्या कचेरीत तोंडी तक्रार टिकत नाही. तेथे कागद लागतो, आणि आजवर तो सावकाराकडेच असे.