सुट्टीत अब्बा घरी येतात तेव्हा

२०२५ मध्ये राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या. मराठवाड्याच्या उन्हात तोपर्यंत मुलांना वर्गात बसवून ठेवणे ही आम्हा शिक्षकांचीही परीक्षाच होती. शेवटच्या दिवशी सवयीप्रमाणे मी विचारले, "सुट्टीत काय करणार?" कोणी मामाच्या गावाचे नाव घेतले, कोणी क्रिकेटचे, कोणी मोबाइलवरच्या गेमचे. मागच्या बाकावरचा एक मुलगा एवढेच म्हणाला, "बकरीद को अब्बा आते, सर."

सुट्टी म्हणजे काय, याचे इतके नेमके उत्तर मी दुसरे ऐकलेले नाही.

मे महिना आला की कुटुंबाने एकत्र वेळ कसा घालवावा यावर वर्तमानपत्रांत लेख येतात. महाबळेश्वर, कोकण, समर कॅम्प. आमच्या मंठ्यातल्या बहुतेक घरांत प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. एकत्र वेळ घालवायला माणसे एकत्र असावी लागतात. इथले कितीतरी बाप पुण्या-मुंबईत गाडी चालवतात, फळे विकतात, सेंटरिंगच्या कामावर असतात. काही आखाती देशांत आहेत. तालुक्यातल्या तांड्यांवरची कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. तोवर त्यांची मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, नाहीतर फडावरच जातात. उन्हाळ्याची सुट्टी हाच काय तो काळ, जेव्हा घर भरलेले असते.

आपल्या मुस्लिम घरांसाठी २०२५ पासून एक चांगला योगही आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्याने सण दरवर्षी मागे सरकतात. २०१८ आणि २०१९ मध्ये रमजान मे-जूनमध्ये आला होता आणि बरीचशी सुट्टी रोज्यांत गेली होती. आता बकरीदची पाळी आहे. २०२५ मध्ये ती जूनच्या पहिल्या आठवड्यात होती, आणि त्यापुढची तीन वर्षे ती साधारण मे महिन्यातच. म्हणजे ईदसाठी बाप घरी येईल तेव्हा मुलांना सुट्टी असेल. पण या योगाचे आपण काय करतो?

मी पाहतो ते असे. बाप येतो. पहिले दोन दिवस पाहुणे, मग बकऱ्याची खरेदी, मग कोणाचे लग्न, कोणाची मयत, बँकेचे काम, घराच्या पत्र्याचे काम. मुलगा सकाळी मकतबमध्ये, दहा वाजता इंग्रजीच्या क्लासला, दुपारी मोबाइलवर. रात्री बापही मोबाइलवर. दहा दिवस संपतात, बाप बॅग उचलतो आणि निघताना मुलाला सांगतो, "पढाई कर." वर्षभरात दोघांत झालेले सगळ्यात मोठे बोलणे हेच.

दोष फक्त बाहेरगावच्या बापांना देऊन मी सुटणार नाही. मी तर शिक्षक, मुलांबरोबर मलाही सुट्टी असते. तरी गेल्या मे महिन्यात माझी मुलगी तिच्या अम्मीला म्हणाली, "अब्बा घर में हैं, लेकिन हैं नहीं." मी तेव्हा समोरच बसलो होतो, हातात फोन घेऊन.

माझे अब्बा ट्रकवर होते. महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. मी आठवीत असताना सुट्टीत त्यांनी मला एकदा सोबत नेले. मोसंबी भरून मुंबईला निघालो होतो. जालना सोडल्यावर ते म्हणाले, "बोर्ड पढ़ते जा." मला वाटले, माझी परीक्षा घेत आहेत. मी वाचत गेलो. बदनापूर, नेवासा फाटा, आळेफाटा. माळशेज घाट आला तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की अब्बांना मराठी वाचता येत नाही. उर्दू थोडीफार यायची. इतकी वर्षे ते झाडे, वळणे आणि ढाबे ओळखून गाडी चालवत होते. त्या रात्री त्यांनी शाळा का सुटली ते सांगितले. आज मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्याचे बीज बीएडच्या वर्गात नाही, त्या केबिनमध्ये पडले. त्या प्रवासाला वेगळा खर्च काहीच आला नव्हता.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. मुलांना सहल नको असे नाही, पण त्यांना आधी आपण हवे आहोत. बाप दहाच दिवस घरी असेल तर त्या दहा दिवसांत क्लास बुडाला तरी चालेल. मकतब सकाळचा तासभर असतो, तो राहू द्या. रात्रीचा दस्तरखान एकच असावा आणि त्यावर फोन नसावा. बाजाराला, शेतावर, बकरा पाहायला मुलाला सोबत न्या, आणि मुलीलाही न्या. आपण काय काम करतो, कुठे राहतो, पगार कसा पुरवतो हे त्यांना सांगा. ते त्यांना कळते.

आणि अम्मीचे काय? सगळ्यांची सुट्टी म्हणजे तिच्या कामात वाढ. पाहुणे, कुरडया, पापड, लोणचे, शेवया. शेवयांचे यंत्र फिरवायला बाप आणि मुले बसली तर तोही एकत्र वेळच आहे, आणि तिलाही तो मिळतो.

बाहेर जायचेच असेल तर लोणार आपल्यापासून तास-दीड तासाच्या वाटेवर आहे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात तयार झालेले ते विवर पाहायला जगभरातून लोक येतात. २०२० मध्ये त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी ते पाहिलेले नाही. एसटीत महिलांना अर्धे तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे, पंच्याहत्तरी ओलांडलेल्या दादीला मोफत. पूर्ण तिकीट एकट्या बापाचे. पहाटे निघा, ऊन चढायच्या आत परत या.

बकरीदला आपण हजरत इब्राहिम आणि त्यांच्या मुलाची आठवण करतो. कुर्बानीचे बोलतो, पण एक गोष्ट सहसा सांगत नाही. एवढ्या मोठ्या परीक्षेच्या वेळीही बापाने मुलाला आपले स्वप्न सांगितले आणि विचारले, तुझे मत काय? यंदा ईदला घरी आलात की मुलाला एकदा तेवढे विचारा. मग गप्प बसून त्याचे ऐका.

शाळा उघडेल. मी त्या मुलाला विचारणार आहे, अब्बा आले होते का. "आए थे" एवढेच सांगून तो थांबू नये, असे मला फार वाटते.