घोडा का अडला?

पान का सडलं, घोडा का अडला, भाकरी का करपली? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. हे मला लहानपणापासून पाठ आहे. अर्थ मात्र अठ्ठाविसाव्या वर्षी कळला, तोही एका घोडीच्या जिवावर बेतल्यावर.

झालं असं, की आम्ही तिघं मित्र, तिघंही हिंजवडीचे हमाल. दोन वर्षं शनिवार-रविवार रायडिंग शिकलो आणि मग रिंगणात गोल गोल फिरण्याचा कंटाळा आला. शेतातून, माळावरून रपेट मारायची तर घोडा स्वतःचा हवा, असं आमच्या डोक्यानं घेतलं. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथून आणायचा ठरला. ठेवायचा कुठे, हा प्रश्न त्याआधी सुचला, एवढी अक्कल होती म्हणायची.

जागा शोधण्यात चार वीकेंड गेले. मुळशीकडचं एक फार्म बघितलं. बाहेर ‘निसर्गाच्या कुशीत’ अशी पाटी, आत स्विमिंग पूल आणि टाइल्स लावलेला तबेला. महिन्याचा आकडा माझ्या वन बीएचकेच्या भाड्याएवढा. पण चार महिने तिथे पाऊस धो धो कोसळतो, सतत ओलीत उभं राहून खूर सडतात, त्यावर मॅनेजर म्हणाला, ‘सर, पंखे लावलेत ना!’ ग्लँडर्सच्या तपासणीचा दाखला त्यानं मागितलाच नाही. हा रोग घोड्यांत पसरतो, माणसालाही होतो आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला तर त्याला मारावंच लागतं. जो माणूस तुमच्या घोड्याचा दाखला मागत नाही, त्यानं बाकीच्या घोड्यांचा तरी कुठे बघितला असणार? तिथून निघालो.

शेवटी सासवडच्या बाजूला एका ओळखीच्यांचं शेत मिळालं. कोरडी जमीन, वर पत्रा, राखणीला एक नवरा-बायको. भाडं नावापुरतं. आणि मुख्य म्हणजे बाहेर पडलं की पाणंद!

या पाणंदींबद्दल थोडं लिहायलाच हवं. परदेशात घोड्यांसाठी वेगळ्या वाटा राखलेल्या असतात, आपल्याकडे तसं काही नाही असं मला वाटायचं. पण दोन शेतांच्या मधून जाणारी ही बैलगाडीची वाट म्हणजे दुसरं काय आहे? मऊ माती, दोन्हीकडे निवडुंग नाहीतर घायपात, हॉर्न नाही. डांबरावर खुरांना आणि सांध्यांना जो मार बसतो तो इथे बसत नाही. दिवाळीनंतर मेंढ्या घेऊन कोकणाकडे उतरणारे धनगर भीमथडी तट्टांवर अख्खा संसार लादून चालतात. आपली रपेट म्हणजे त्यांच्यापुढे निव्वळ मॉर्निंग वॉक. आता प्लॉटिंगवाल्यांच्या काटेरी तारा माळावर सगळीकडे फिरल्यात, त्यामुळे एका रविवारी मोकळी असलेली वाट पुढच्या रविवारी बंद असते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय. असो.

घोडी आली. काठेवाडी वळणाची, गरीब स्वभावाची. पहिले दोन महिने स्वप्नवत गेले. मग मार्चमध्ये तिघांचीही रिलीज एकदम आली आणि तीन आठवडे कुणीच फिरकलं नाही. ‘काही कमी पडू देऊ नका’ असं आम्ही राखणदाराला बजावून ठेवलं होतं, त्यानंही कमी पडू दिलं नाही. कडबा भरपूर, वर दोन वेळची चंदी. घोडी मात्र खुंट्याला.

चौथ्या शनिवारी गेलो, खोगीर चढवलं आणि थेट भरधाव सोडली. पाव तासात ती थांबली. मला वाटलं हट्ट करतेय, म्हणून मी टाच मारली. दोनदा मारली. हे लिहिताना आजही लाज वाटते. ती घामानं निथळत होती, मागच्या मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि मग तिनं लघवी केली ती काळ्या कॉफीच्या रंगाची.

डॉक्टर फोनवर ओरडलेच, ‘आधी उतरा. आता एक पाऊलही चालवू नका!’ मग येऊन त्यांनी सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. वाचली. याला ‘मंडे मॉर्निंग डिसीज’ म्हणतात हे त्यांच्याकडूनच कळलं. पूर्वी युरोपात गाड्या ओढणारे घोडे रविवारी सुट्टीवर असायचे, दाणा मात्र रोजच्याएवढाच मिळायचा, आणि सोमवारी कामाला जुंपले की स्नायू आखडून जागीच अडायचे. आमच्या घोडीला तो शनिवारी झाला, एवढाच फरक.

साडेतीनशे किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण सात किलो सुका चारा लागतो. दाणा हा कामाचा पगार. काम नाही तर चंदी कमी करायची, काम सुरू करायचं तेही हळूहळू. सगळं गूगलवर आहे हो. पण खुंट्याजवळ रोज उभा राहणारा माणूस गूगलवर मिळत नाही, आणि आम्ही चार वीकेंड शोधलं काय, तर पत्रा आणि पाणंद.

शेजारच्या गावात वरातीच्या घोड्या पाळणारे एक मामा आहेत. त्यांच्याकडे गेलो. तबेला जुनाट, वास येतो, पण खरारा केलेल्या घोड्या चकचकीत आणि नालबंद ठरल्या दिवशी हजर. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘सायेब, सोमवारी कोन येनार?’

घोडी आता त्यांच्याकडे असते. आम्ही महिन्याचे पैसे देतो, मग आम्ही जाऊ अगर न जाऊ. मामांचा भाचा रोज सकाळी तिला फिरवतो. लग्नसराईत ते तिला वरातीला नेतात. आमच्यातला एक जण यावर चिडला होता, ‘आपल्या पैशावर धंदा करतायत’ म्हणून. मला ते अजिबात पटत नाही. तासाला अमुक रुपये देऊन पाठीवर बसणारे आपण, उरलेल्या सहा दिवसांचं बिल कधी भरलं होतं? आणि पाच दिवसांची खात्री नसेल तर माझं स्पष्ट मत आहे, घोडा विकत घेऊ नये. घोडा पाळणाऱ्याला महिना बांधून द्यावा आणि गुमान जाऊन बसावं.

गेल्या शनिवारी गेलो तर घोडी नव्हती, जेजुरीला वरात होती. मामांनी चहा पाजला आणि दुसऱ्या एका घोडीकडे बोट दाखवून खरारा माझ्या हातात दिला.