न विकलेली आसने

अमेरिकेतील जुन्या प्रवासी गाड्यांतून हिंडलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. या मंडळींच्या आठवणींत भाडे आणि वेग क्वचितच येतात. येते ती गाडीतील बैठकीची जागा, तेथील कॉफी आणि अनोळखी सहप्रवाशांशी रंगलेल्या गप्पा. या आठवणींकडे निव्वळ स्मरणरंजन म्हणून पाहणे चूक ठरेल.

शिकागोहून सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरापर्यंत धावणारी 'कॅलिफोर्निया झेफिर' मार्च १९४९ मध्ये सुरू झाली. तीन खाजगी कंपन्या मिळून ती चालवीत. तिच्या पाच डब्यांवर काचेचे घुमट होते आणि प्रत्येक घुमटात २४ आसने. ही १२० आसने तिकिटावर विकली जात नसत. शेवटचा घुमट शयनयानाच्या प्रवाशांसाठी राखीव असला, तरी तीन घुमट साध्या खुर्च्यांच्या डब्यांवरच होते. रॉकी पर्वत दिवसाउजेडी दिसावा असे वेळापत्रक आखले होते. त्यापायी प्रवास लांबला तरी चालत असे.

पुढे दिवस पालटले. १९५६ च्या कायद्याने महामार्गांचे जाळे विणले जाऊ लागले, जेट विमाने आली आणि १९६७ मध्ये टपाल खात्याने बहुतेक गाड्यांवरील टपाल काढून घेतले. त्याबरोबर उत्पन्नाचा मोठा आधार गेला. मार्च १९७० मध्ये झेफिर थांबली. पुढच्याच वर्षी प्रवासी वाहतुकीचा भार सरकारी पाठबळाच्या 'अ‍ॅमट्रॅक'ला उचलावा लागला. कंपन्यांनी दाखविलेला तोटा खोटा नव्हता. परंतु त्या १२० आसनांनी प्रवाशांना जे दिले, त्यासाठी जमाखर्चाच्या वहीत रकानाच नव्हता.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. १९३० पासून धावणाऱ्या दख्खनच्या राणीला २०२१ मध्ये काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा जोडण्यात आला. त्यातील प्रत्येक आसन वेगळ्या, चढ्या भाड्याने विकले जाते. घाटातील धबधबे तेच. पण ते डोक्यावरच्या काचेतून पाहण्याचा हक्क मात्र तिकिटाचा झाला. त्याच गाडीतील डायनिंग कार अजून टिकून आहे, हे समाधान.

रेल्वेने उत्पन्नाकडे पाठ फिरवावी, असे कोणी म्हणणार नाही. तथापि सार्वजनिक वाहनात चार जागा सर्वांच्या असाव्यात, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. गाडीतील प्रत्येक फूट विकावयाचा ठरला, तर प्रवासी मुक्कामी पोहोचेल; सहप्रवासी मात्र त्याला भेटणार नाही.